गाळलेला अध्याय

बनाबाईला वाचता येऊ लागलं ते पस्तिशी उलटल्यावर. मिशनच्या मडमबाईंनी बायकांसाठी दुपारचा वर्ग काढला होता. त्यात ही पाटी मांडीवर घेऊन बसायची आणि गल्लीतली पोरं खिडकीतून खिदळायची. खिदळू देत, म्हणायची. वर्षभरात ती बोट ठेवून, अडखळत का होईना, शुभवर्तमान वाचू लागली. खिदळणारी पोरं बाराखडीतच लोळत राहिली.

नवरा केरबा पाणक्या. खांद्यावर कावड घेऊन पंचगंगेचं पाणी शुक्रवार पेठेतल्या घरांत भरायचं, लग्नसराईत मांडवातले रांजण भरायचे, हा त्याच्या घराण्याचा धंदा. दिवस मावळला की गुत्त्यावर जाऊन बसायचं, हा त्याचा स्वतःचा. बनाबाईनं त्या दारूपायी काय भोगलं त्याचा पाढा वाचत नाही; तिला डाव्या कानानं कमी ऐकू येतं, एवढ्यावरून ओळखा. प्लेगची साथ ओसरली त्या साली हा गडी कुणाला न विचारता मिशनच्या देवळात जाऊन बसू लागला. पुढं दोघांनी बाप्तिस्मा घेतला आणि केरबानं सगळ्या मंडळीदेखत दारू सोडली. पेठेनंही मग त्याचं पाणी सोडलं, कारण बाटलेल्याच्या हातचं कोण पिणार? तेव्हापासून तो मिशनच्या बागेला आणि शाळेला पाणी घालत होता. दोन वर्षांत त्यानं थेंबाला शिवलं नव्हतं. तरी बनाबाई रोज तो दारातून आत आला की आधी त्याच्या तोंडाचा वास घ्यायची.

दिवेलागणीला लवकर जेवणं उरकून केरबा भिंतीला टेकायचा आणि म्हणायचा, वाच. त्याला स्वतःला अक्षराचा गंध नव्हता. ती चिमणीच्या उजेडात एक अध्याय वाचायची. त्याच्यापुढं फजिती नको म्हणून दुपारीच तो एकदा नजरेखालून घालायची. लूकचं शुभवर्तमान संपलं तेव्हा केरबाच म्हणाला, आता योहान घे. पहिला अध्याय झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं दुसरा उघडला आणि बाई पानावर बोट ठेवून थिजलीच.

गोष्ट लग्नाची होती. काना नावाच्या गावी लग्न असतं, प्रभू वऱ्हाडात असतो, आणि ऐन पंगतीत द्राक्षारस संपतो. प्रभू आईच्या शब्दाखातर गड्यांना सहा रांजण पाण्यानं भरायला सांगतो आणि त्या पाण्याचा द्राक्षारस होतो. तोही असा, की मांडवातला कारभारी चाखून वाखाणतो: लोकांना चढल्यावर हलका काढतात, तुम्ही मात्र चांगला शेवटाला राखलात. पेलाभर नव्हे, तांब्याभर नव्हे, सहा रांजण. रांजणात किती मावतं हे पाणक्याच्या बायकोला कुणी सांगायची गरज नव्हती.

ज्या देवाच्या नावानं नवऱ्यानं बाटली टाकली, त्याच देवानं ती रांजणानं वाटली होती. हे केरबाच्या कानावर गेलं तर? त्या संध्याकाळी तिनं दुसरा अध्याय गाळून सरळ तिसरा वाचला. केरबा नेहमीसारखा हूं हूं करत राहिला.

आता एका भीतीच्या दोन झाल्या. दारूची होतीच, वर देवाच्या पुस्तकात चोरी केल्याची. तिनं मडमबाईंना आडून विचारलं. त्या म्हणाल्या, तो रस अगदी सौम्य होता, इथल्या दारूसारखा मुळीच नव्हता. बनाबाईला हायसं वाटलं, पण ते फाटकापर्यंतच टिकलं. फाटकात मिशनचे उपदेशक पिराजी मास्तर भेटले. मास्तर भाबडे आणि खरे. ते म्हणाले, चढणारा असल्याखेरीज कारभारी तसं बोललाच नसता. आणि कसा का असेना, त्या पुस्तकातला एक शब्दही गाळू नये, गाळणाऱ्याचं बरं होत नाही. बनाबाईच्या डोक्याचा पार भुगा झाला. दारू वाईट तर प्रभूनं का केली? चांगली तर केरबाला का सोडायला लावली? दोन शहाणी माणसं एकाच ओळीबद्दल दोन गोष्टी सांगतात, तर तिच्यासारखीनं कुणाचं धरायचं?

शेवटी ती चुलीपुढं बसून प्रभूशीच भांडली. तू लग्नाला गेलास, जेवलास आणि पुढच्या गावाला निघालास, म्हणाली. त्या नवरीला पुढं काय सोसावं लागलं ते कुणी लिहून ठेवलंय का? मग आपण हे बोललो म्हणून तिनं स्वतःच्याच गालावर चापट मारून घेतली.

त्याच आठवड्यात मिशनमध्ये एक लग्न निघालं, संध्याकाळचं, आणि पिराजी मास्तर उपदेशाला नेमकी हीच गोष्ट घेणार असल्याचं कळलं. बनाबाईनं पोट धरून अंथरूण गाठलं. तुम्हीही जाऊ नका, म्हणाली, मला बरं वाटत नाही. केरबा तिच्या उशाशी येऊन बसला. 

“पोट न्हाय दुखत तुजं,” तो म्हणाला. “त्यो रांजणाचा अध्याय दुखतोय.”

बनाबाई उठूनच बसली. कुणी सांगितलं, म्हणाली. केरबानं सांगितलं ते असं: बाटायच्या आधी एकदा तो पिऊन बाजारात फिरत होता. तिथं पिराजी मास्तर उभे राहून हीच गोष्ट सांगत होते. हा टवाळी करायला थांबला.

“तर ते म्हणालं, रस कुठनं आला ते कारभाऱ्याला ठावं न्हवतं, नवऱ्याला ठावं न्हवतं. पाणी भरणाऱ्या गड्यांस्नी ठावं हुतं. इतकी लग्नं भरली म्या, पर पाणक्याला काय ठावं हाय ते कुणी इचारलं न्हाय. म्हटलं, ह्या देवाला बघाय पायजे. मास्तर म्हणालं हुतं, गोष्ट योहानाच्या दुसऱ्या अध्यायात हाय; योहान घे म्हटलं ते त्याच्यासाठनंच. तू पयल्यावरनं थेट तिसऱ्यावर गेलीस तवाच कळलं.”

बनाबाईला लाजेनं रडू आलं. पण रडतानाही तिचा प्रश्न सुटला नव्हता. मग प्रभूनं दारू का केली, तिनं विचारलं.

“ते मला न्हाय कळलं,” केरबा म्हणाला. मग जमिनीकडं बघत म्हणाला, “आनि तू समजतीस तशी माजी सुटलेली न्हाय. दिवं लागलं की पाय गुत्त्याकडं वढ घेत्यात. रोज. तू वाचाय लागलीस म्हंजे थांबत्यात. म्हणून तू गाळलास तरी म्या बोललो न्हाय. वाचती हाय न्हवं, बास.”

बनाबाई त्याच्याकडं बघतच राहिली. म्हणजे तिची भीती खरी होती, आणि तो आणि गुत्ता यांच्यामध्ये इतके दिवस उभा होता तो तिचा अडखळता आवाज. तिला भयंकर भीती वाटली आणि त्याची मायाही आली, दोन्ही एकदमच.

तिनं चिमणी जवळ ओढली आणि दुसरा अध्याय उघडला. सहा रांजणांपाशी ती अडली, पण पुढं गेली. तो संपल्यावर तिनं तिसरा घेतला, मग चौथा. दोन्ही आधीच वाचून झाले होते आणि हे दोघांनाही माहीत होतं. प्रभूनं तसं का केलं ते तिला अजून कळलं नव्हतं. गुत्त्याकडं जाणाऱ्यांची रस्त्यावरची वर्दळ थांबेपर्यंत ती वाचत राहिली.