काकाजींचे झुडपी रान

कोणी ‘रिकामी जागा’ म्हटले की काकाजी चिडायचे. आपल्या मोटारपंपांच्या दुकानात गिऱ्हाईक समोर उभे असले, तरी हातातले काम ठेवून विचारायचे, “रिकामी कुठं हाय? तिथं पाय ठेवायले जागा नाई.” विषय असायचा गावाबाहेरच्या त्यांच्या अकरा एकरांचा. आर्वीच्या रस्त्याला लागून असलेले ते बरड, दगडगोट्यांचे रान. पळस, तेंदू, धावडा, बोरीच्या जाळ्या आणि मधून एक नाला. त्यांच्या वडिलांनी घेतले, पण कधी कसले नाही. गावाच्या मते ती जमीन वाया गेली होती.

मी गावातल्या हायस्कुलात मराठी शिकवायचो. माझे अक्षर बरे, एवढ्या एका गुणावर काकाजींनी मला अर्ज लिहायला धरले. रविवारी सकाळी ते मला रानात न्यायचे. तिथे बोललेले त्यांना खपत नसे. एकदा पायाजवळून लावे भुर्रकन उडाले आणि मी दचकून ओरडलो, तर परत रस्त्याला लागेपर्यंत त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही.

हे रान गावाला दान द्यायचे ठरवण्याआधी त्यांनी शाळेच्या छपराला पत्रे दिले होते, दवाखान्याला पंप बसवून दिला होता. दोन्ही वेळा गावाने लगेच हार घातले. रान द्यायचे म्हटल्यावर मात्र सगळे बुचकळ्यात पडले. ढाबा टाकायला ती जागा मागणारे येऊन गेले होते, त्यांना काकाजींनी चहा पाजून वाटेला लावले. त्यांची अट एकच होती, रान आहे तसेच राहावे. “लोकायनं यावं, सावलीत बसावं, बोरं खावी अन् घरी जावं. बस.”

ही अट नेमक्या शब्दांत कशी लिहावी, याची मला काळजी होती. पण अशा अटीवर रान घ्यायलाच कोणी तयार नव्हते. ग्रामपंचायतीत विचारले, तिथे काम काय दाखवायचे? तालुक्याच्या कचेरीतला बाबू म्हणाला, जागा उद्यान म्हणूनच घेता येईल, आणि उद्यान म्हणजे कारंजे, पाळणे, कुंपण. झुडपांना उद्यान कसे म्हणायचे? साहेब बदलले की अर्ज पुन्हा पहिल्यापासून. एक कचेरी सांगायची की फाइल पुढे पाठवली, पुढची सांगायची की आलीच नाही. दोन वर्षे आम्ही एसटीने हेलपाटे घातले. काकाजी दरवेळी तेच समजावायचे, “काई करायचं नाई, हेच काम हाय.” ऐकून बाबू माझ्याकडे बघायचा, म्हातारा ठिकाणावर आहे ना, अशा नजरेने.

शेवटी थकलो तो मी. दानपत्रातून अटीची ओळ काढू, वेगळ्या पत्रात लिहू, त्यावर सरपंचांची सही घेऊ, असा तोडगा मीच सुचवला. काकाजींनी कागद वाचून काढला. मग म्हणाले, “तुमी शिकलेले, गुरुजी. तुमी म्हणता त ठीक हाय.” आणि त्यांनी सही केली. महिनाभरात रान गावाच्या नावावर झाले.

पुढच्या दिवाळीनंतर उद्यानाचा निधी आला आणि निधीमागून जेसीबी. निरोप मिळताच आम्ही दोघे धावत पोचलो, तोवर रस्त्याकडचे पळस आडवे झाले होते. काकाजी मशीनसमोर जाऊन उभे राहिले. चालक भला माणूस. त्याने मशीन बंद केले, त्यांना पाणी दिले आणि सरपंचांना बोलावून घेतले. मी पत्र पुढे केले. सरपंचांनी ते वाचले, सही आपलीच असल्याचेही मान्य केले. मग शांतपणे विचारले, “पण दानपत्रात कुठं हाय, गुरुजी?” मी पत्राची घडी केली. काकाजींचा हात धरून त्यांना मीच बाजूला नेले.

नाल्यापर्यंतचे रान गेले. पलीकडे खडक लागला, मशीनचे दात मोडू लागले, म्हणून पाच एकर उरले. आम्ही काहीच वाचवले नाही. अलीकडे पेव्हर ब्लॉकच्या गट्टूंचा रस्ता, विकतचे गवत, सिमेंटचे हरीण आणि काकाजींच्या नावाची कमान उभी राहिली. उद्घाटनाला त्यांना हार घालून बोलायला उभे केले. माइकवर ते एवढेच म्हणाले, “हे मी नाई देलं.” लोकांना तो विनय वाटला. खूप टाळ्या पडल्या.

त्यानंतर ते त्या कमानीखालून कधी गेले नाहीत. मागच्या शेतांतून वळसा घालून पलीकडच्या पाच एकरांत जायचे. सोबत मी असायचोच. त्यांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही, आणि तेच मला सोसवत नव्हते.

गेल्या उन्हाळ्यात ते वर्ध्याच्या दवाखान्यात होते. घरी परतणार नाहीत, हे त्यांना कळले होते, मलाही. शेवटी मी विचारलेच, काकाजी, माझ्यावर राग आहे का?

“हाय,” ते म्हणाले. “लय राग हाय. पण तुमच्याबिगर अर्ज कोण लिहीन? उरलेल्या पाच एकराचा लिहा, ते हाय तसंच राहू द्या म्हून. गावाचा ठराव घ्या, वरून मंजुरी आणा. अन् या बारी कोणी काई म्हटलं तरी ती ओळ खोडू नका.”

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी पहिला अर्ज दिला. चौथा परवा परत आला. पाचवा लिहून ठेवला आहे. सोमवारी सकाळच्या एसटीने घेऊन जाईन.