मामांची लादी

माझ्या बायकोच्या मामांनी जेवढ्या वस्तू जाळल्या, तेवढं मुलुंडच्या स्मशानातही काही जळलं नसेल. नोकरीच तशी. आवाजाच्या कितीतरी पट वेगानं उडणाऱ्या यानाचं अंग हवेशी घासून लालबुंद होतं. ते वर जाऊन जळण्याआधी जमिनीवरच जाळून बघायचं, हे मामांचं काम. विजेनं हवा भयंकर तापवायची, तिचा झोत नमुन्यावर सोडायचा आणि काचेआडून बघायचं. एवढ्यावर थांबते तर ठीक होतं, पण हे वेड घरीही यायचं. आमच्या लग्नात आलेला नॉनस्टिक तवा "जरा बघतो" म्हणून नेला आणि मूठ वितळवून परत दिला, वर चिठ्ठी, "चार मिनिटं टिकली. विश्वास ठेवू नये." मामी थालीपीठ लावायच्या, तर हे शेजारी उभे, "डावीकडे कमी तापलंय." मामी ओरडायच्या, "अहो, खायचंय ते, उडवायचं नाहीये!" मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा वाफाळता स्टीलचा पेला हातात देऊन म्हणाले, "जावईबापू, किती वेळ धरवतो सांगा." नवा जावई, करणार काय? धरला. बोटं पोळली राव!

अकरा वर्षं खपून मामांनी उष्णता अडवणारी एक लादी बनवली होती. समोरून झोत, आणि साठ सेकंद लादीची पाठ थंड राहायला हवी. पाठीवर तापमान मोजणारी केसाएवढी तार चिकटवायची असते. ती मामा कुणालाच चिकटवू देत नसत, विभागातल्या अनुभवी मॅडमनासुद्धा नाही.

निवृत्तीला आठवडा उरला असताना चाचणी झाली. लादी पास! टाळ्या पडल्या, पेढे आले. मामा मात्र पेढा हातात धरून पुटपुटले, "इतकी थंड? शक्यच नाही." लादी उलटी करून बघतात तो तार सुटलेली, नुसती लोंबकळत होती. त्यांनीच चिकटवलेली! साहेब म्हणाले, "राहू द्या हो, लादी शाबूत आहे ना?" मामा भडकले. "लादीमागे जे ठेवणार, ते काय माझ्या शब्दावर थंड राहणार?" आणि स्वतःच्या हातानं लिहिलं, 'चाचणी रद्द. चूक माझी.'

मग हा हट्टी माणूस चार दिवस साहेबांच्या दारात उभा राहिला आणि नोकरीच्या शेवटच्या सकाळी पुन्हा चाचणी मिळवली. या वेळी तार मॅडमनी चिकटवली. मामा खिशात हात घालून उभे. अठ्ठेचाळिसाव्या सेकंदाला पाठ तापली. मामांनी 'नापास' लिहून सही केली आणि तसेच निरोपसमारंभाला गेले. मी त्यांना घ्यायला गेलो होतो. रिक्षा घाटकोपरला आली तेव्हा म्हणाले, "आकडा मात्र खरा आलाय हो."

त्याच आकड्यावरून मॅडमनी लादी जाड केली. परवा त्यांचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. "सर, साठ सेकंद पूर्ण!" मामांनी तीन वेळा विचारून खात्री केली, फोन ठेवला आणि चष्मा पुसत बसले.

"पासच्या कागदावर तुमची सही नाही, मामा," मी म्हणालो. मला खरंच वाईट वाटत होतं.

"नापासच्या कागदावर आहे ना," मामा म्हणाले. "त्याच्याशिवाय हा झाला असता का?"