दोन बोटांवरचं पाणी

आक्का गेल्याचा निरोप मला मिरजेत, शाळेच्या व्हरांड्यात मिळाला. तिच्या गावचा माणूस धुळीनं पांढरा झालेला. उभ्या उभ्याच म्हणाला, "मास्तर, आक्का पाटंचं गेल्या. पाणी मागितलं, भांडं तोंडाला लावंस्तवर..." आक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा तिनंच मला वाढवलं. आक्का जाऊन महिना होऊन गेला. गेलेल्या माणसाविषयी चांगलं तेवढंच लिहावं, अशी रीत आहे. पण तिची शेवटची वर्षं मी माझ्या एका खोट्यावर उभी केली होती. ते वगळलं, तर आक्काविषयी मी काहीच लिहिलं नाही असं होईल.

तिचं सासर आटपाडीकडच्या माळावर. आमच्याकडं मुळी दोन मुलूख आहेत. कृष्णेच्या काठानं काळी जमीन आणि ऊस. पूर्वेला चाललं, की ढगसुद्धा डोक्यावरून तसेच निघून जातात, आणि खाली उरतात मुरूम, कुसळं, बाभळी. तेव्हा संस्थानं होती. मिरजेहून तिच्या गावी जाताना वाटेत राजे बदलत, नाक्यावरचे शिपाई बदलत, धूळ मात्र तीच. दुसरी मोठी लढाई सुरू झाल्यावर त्या माळावरची पोरं पलटणीत गेली. आक्काचा एकुलता यशवंताही गेला. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात पलटणीकडून कळलं, की लिबियाच्या वाळवंटात तो बेपत्ता आहे.

मी शाळेचा नकाशा गुंडाळून तिच्याकडं नेला. ओसरीवर पसरला, तिनं चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. सून सुंदरा उंबऱ्याशी उभी होती. वर निळा समुद्र, काठाला गावांची एक ओळ आणि खाली नुसता पिवळा रंग. त्या पिवळ्यातून पट्टीनं आखल्यासारख्या सरळ सरहद्दी.

"ह्या रेघा कसल्या रं, बापू?"

"ह्या अंगाला इटलीचं राज्य, त्या अंगाला इजिप्त. तिथं इंग्रजांचं चालतं."

"पाणी न्हाई, पीक न्हाई. मग मेले बांध कशापायी घालत्यात?"

सुंदरा पदर तोंडाला लावून हसली. तिचं हसणं मी ऐकलं ते तेवढंच.

मग आक्का नकाशावर वाकली. माळावर जन्म काढलेली बाई ती. बाकी काही कळलं नाही, तरी तो पिवळा रंग तिला कळला होता. "तिथं प्यायाचं पाणी कुठं हाय?" तिनं विचारलं. पिवळ्यात एक हिरवा ठिपका होता, त्यावर मी बोट ठेवलं. खजुरीची झाडं आहेत, झरे आहेत, तिथली माणसं वाटसरूला सांभाळतात, असं सांगितलं. यशवंताची छावणी कुठं असावी तेही दाखवलं. तिनं आपली बोटं मधे टेकवली. "दोन बोटं," म्हणाली आणि माझ्याकडं बघत राहिली. ती दोन बोटं म्हणजे दीडशे मैल वाळू होती. नकाशाच्या कोपऱ्यात प्रमाण छापलेलं होतं. ते चुकलं म्हणून वर्गात मी मुलांना छड्या मारल्या आहेत. मी म्हणालो, "व्हय आक्का, दोन बोटं."

लढाई संपली. कैदेतली पोरं घरी आली, यशवंता आला नाही. मग एकदा सुंदराचे वडील आले. नेमका मी तिथं होतो. म्हणाले, "विहीणबाई, पोरीला न्यायला आलोय. इस्लामपूरकडं एक बिजवर हाय, नदीकाठची जमीन हाय. पाट लावून देतो."

"नवरा जित्ता असताना पाट?" आक्का म्हणाली. "तिथं दोन बोटांवर पाणी हाय. ईचारा माझ्या भावाला."

ते माझ्याकडं वळले. "मास्तर, तुमी शिकल्यालं. माझ्या पोरीच्या जन्माचा सवाल हाय. हाय का पाणी?"

वारा पडला होता. माळावर पाखराचा आवाज नव्हता. आक्का माझ्याकडं बघत नव्हती, सुंदरा बघत होती...

"नकाशात आहे," मी म्हणालो.

त्यांनी पटका सारखा केला आणि चहाही न घेता, पोरीला तिथंच ठेवून ते गेले. त्या बिजवरानं पुढं दुसरी केली. संस्थानं विलीन झाली, नाके ओस पडले. आक्का म्हणाली, "बरं झालं. आता माझ्या पोराला वाटंत अडवायला कोण न्हाई." तेव्हाही मी तिला खरं सांगितलं नाही.

दिवसकार्य उरकल्यावर मी सुंदराला सगळं सांगितलं. ते अंतर केवढं होतं, आणि तेवढं तोडून कुणी येत नाही, हेही. ती जोंधळे पाखडत होती. हात थांबले नाहीत. पाखडतच म्हणाली, "रोज सकाळी आत्याबाई मला ह्या दारात उभं करायच्या, आन् आपल्या हातानं कुकू लावायच्या."

मी पाहिलं. चौकटीच्या लाकडावर, बोटाला उरलेलं कुंकू पुसल्याचे डाग होते. एकावर एक, इतक्या वर्षांचे, वाळून काळपट झालेले.

"त्या गेल्यापासनं लावलं न्हाई. लावू का नको, तेवढं सांगा, मामा."

"तुला वाटेल तसं कर," मी म्हणालो.

"तुमी कवाच काय नीट सांगत न्हाईसा." तिच्या आवाजात राग नव्हता. सूप ठेवून ती आत गेली. कुंकवाच्या करंड्याचं झाकण वाजलं. बाहेर येऊन ती दारात उभी राहिली, तेव्हा कपाळ कोरंच होतं. बोटाला घेतलेलं कुंकू ती चौकटीवर, आक्काच्या डागांवर, सावकाश पुसत होती.