बेडफर्डशायरच्या मोजणीत एक कमी

त्या रविवारी घरात कोण कोण होतं ते आधी सांगते. मी होते. माझा नवरा होता. त्याचा मावसभाऊ होता, त्याला मी भावजी म्हणायचे. आणि कपाटाच्या खालच्या खणात, घडी घातलेल्या गोधडीवर, माझं बाळ होतं, नऊ दिवसांचं. झाली चार माणसं. हे लक्षात राहू द्या, कारण कागदावर तीनच गेली.

मी चौथीपर्यंत शिकले. हे मी लिहीत नाही, बोलतेय. नातीनं फोनवर सोय करून दिली आहे, बोललं की अक्षरं उमटतात. दुपारी घरात कुणी नसतं. मुलगा ऑफिसात, सून ऑफिसात, नात शाळेत. इथं न्यू जर्सीत गाडीशिवाय पाय नाही. खिडकीतून समोरच्या घराचा गराज दिसतो, सकाळी उघडतो, संध्याकाळी बंद होतो. बाकी रस्त्यावर माणूस नाही. मग फोनशी बोलायला काय हरकत आहे.

हे सगळं निघालं नातीच्या प्रोजेक्टवरून. आम्ही राहतो त्या जिल्ह्याला मिडलसेक्स म्हणतात, इथं जिल्ह्याला काउंटी म्हणतात. नावं सगळी इंग्लंडहून आणलेली. म्हणून तिच्या टीचरनं सांगितलं, प्रत्येकानं इंग्लंडमधली एक काउंटी घ्या आणि तिचा इतिहास, भूगोल, लोकसंख्या लिहा. तर ही आली माझ्याकडं लॅपटॉप घेऊन.

"आजी, तू राहायचीस ना बेडफर्डशायरमध्ये? आय पिक्ड इट बिकॉज ऑफ यू."

मला बरं वाटलं. बारा वर्षं झाली इकडं येऊन, त्या मुलखाचं नाव कुणी काढलं नव्हतं.

"कसं होतं तिथं?" म्हणाली.

"चिखल होता," मी म्हटलं.

ती हसली. "आजी! आय नीड जॉग्रफी."

आता भूगोल म्हणजे दुसरं काय असतं? पायाखाली निळसर करडी माती, ओली असली की बूट ओढून घेणारी. त्या मातीच्या विटा. मोठमोठे खड्डे खणलेले, आणि त्यांच्या कडेला धुराड्यांची रांग. वारा आमच्या बाजूला फिरला की कुजक्या अंड्यासारखा वास घरात यायचा, वाळत घातलेल्या कपड्यांना लागायचा. माझा नवरा तिथंच होता, भट्टीतून गरम विटा बाहेर काढायच्या, हातगाडीवर रचायच्या. भावजी आधी बोटीवर खलाशी होते, रत्नागिरीकडचे. बोट सोडून ते भट्टीत लागले, मग नवऱ्याला बोलावलं, मग मी आले. मधून नदी जायची, संथ, तिच्यात राजहंस. खाली दक्षिणेला म्हणे पांढऱ्या खडूचे डोंगर आहेत. मी एकदाच पाहिले, बसमधून.

नात इंटरनेटवरून इतिहास वाचून दाखवत होती. बायका लेस विणायच्या, गवताच्या काडीच्या टोप्या करायच्या, लहान लहान पोरींना कामाला बसवायचे. मी म्हटलं, लिही, पुढं बायका थंडीत कोबी तोडायच्या. लिंबाएवढाले कोबीचे गड्डे, एका दांड्याला खालपासून वरपर्यंत लगडलेले. त्याच्यावर बर्फ बसलेला. बोटांना काही कळायचं नाही, घरी येऊन पाण्यात हात घातले की मग रडू यायचं. दिवस राहिले तरी सातव्या महिन्यापर्यंत मी गेले.

"आजी, दिस इज नॉट ऑन द वेबसाइट," नात म्हणाली.

"नसेल."

मग लोकसंख्या. तिनं एक तक्ता उघडला. दर दहा वर्षांनी मोजणी होते, त्याचे आकडे एकाखाली एक. मी विचारलं, आम्ही गेलो त्याच्या पुढच्या वर्षीचा कुठला? तिनं वर्ष विचारलं, हिशोब केला, आणि एका ओळीवर बोट ठेवलं. लांबलचक आकडा होता.

मी म्हटलं, "ह्याच्यात एक कमी आहे."

तिला वाटलं मी चेष्टा करतेय. मला वाटलं आता गप्प बसावं, जशी पन्नास वर्षं बसले. पण तोंडातून निघून गेलं होतं.

तो कागद घरी आला तेव्हा बाळ आठवड्याचं असेल. त्या दिवशी घरात जेवढी माणसं असतील तेवढी सगळ्यांची नावं लिहायची, असा तो कागद. नवरा सातवी शिकलेला, भावजींना बोटीवरचं इंग्रजी येत होतं. रविवारी दोघं टेबलाशी बसले. मी कॉटवर, बाळ खणात. पाळणा नव्हता, पाळण्याला जागाही नव्हती. खण ओढून काढला आणि त्यात गोधडी घातली.

भावजी वाचत होते, नवरा लिहीत होता. नवऱ्याचं झालं, माझं झालं, भावजींचं झालं.

भावजी म्हणाले, "आता खणातल्या साहेबांचं लिही."

नवरा म्हणाला, "नाव कुठाय त्याला? बारसं बुधवारी."

"मग लिही, बाळ."

"सरकारच्या कागदावर बाळ लिहितात होय?"

"अरे, आमच्या बोटीवर कोंबड्यासुद्धा मोजायचे. त्यांना काय नावं होती?"

दोघं हसले. मी हसले नाही. आमच्याकडं पाचव्या दिवशी सटवाई येते, बाळाच्या कपाळी नशीब लिहिते. तिच्यासाठी पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. तिथं पाट कुठला, मी बिस्किटाच्या डब्याच्या झाकणावर ठेवलं होतं कागद आणि नवऱ्याचं पेन. सगळं एकटीनं केलं, आईनं करताना पाहिलं होतं तसं. बाराव्या दिवशी नाव ठेवेपर्यंत बाळाला नावानं हाक मारायची नाही, कुणाला कौतुकानं दाखवायचं नाही, हे मला माहीत होतं. आणि हे दोघं त्याला कागदावर घालायला निघालेले.

मी म्हटलं, "लिहू नका. सटवाईनं लिहिलंय तेवढं पुरे. बारशाआधी दुसऱ्या कुणाच्या कागदावर माझं बाळ जायला नको."

नवरा म्हणाला, "दंड करतील."

"बुधवारनंतर सांगा त्यांना. आणखी एक आला म्हणावं."

भावजी म्हणाले, "वहिनी, एकदा कागद गेला की गेला."

"जाऊ दे."

नवऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. मग त्यानं पेनाला टोपण लावलं. तीन माणसं.

सोमवारी कागद न्यायला एक म्हातारा गोरा आला, खांद्याला पिशवी. दोघंही कामावर गेलेले. मी खाली जाऊन दार उघडलं आणि कागद दिला. त्यानं उभ्या उभ्या चाळला. तेवढ्यात वर आमच्या खोलीत बाळ रडलं. चांगलं मोठ्यानं रडलं. म्हाताऱ्यानं वर पाहिलं, माझ्याकडं पाहून हसला, आणि पेन्सिल कागदावर टेकवून म्हणाला, "बेबी?"

हा शब्द मला येत होता. अजून त्याला लिहिता आलं असतं. तो थांबला होता, घाई नव्हती त्याला.

मी म्हटलं, "नो. नो बेबी."

त्यानं परत वर पाहिलं. मग पेन्सिल खिशात ठेवली आणि गेला. मी वर जाऊन बाळाला घेतलं.

त्या दुपारी बाळ नीट प्यायलं नाही. रात्रभर छाती घरघर करत होती. पहाटे नवरा शेजारच्या घरी फोन करायला पळाला. शेजारी इटलीची एक म्हातारी राहायची, तिचा नवरा आमच्याही आधीपासून भट्टीत. तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची नाही, आणि इंग्रजी दोघींनाही नाही, पण ती मला सूप आणून द्यायची आणि मी तिला चपाती. बारशाला आत्या लागते, बाळाच्या कानात नाव सांगायला. माझी नणंद तिथं कुठली? मी हिलाच आत्या करणार होते. तिला कानाशी हात नेऊन दाखवलं होतं, तिला कळलंही होतं. ती आली, बाळाला हातात घेतलं, आणि माझ्याकडं पाहिलंच नाही. तेव्हाच मला समजलं. दवाखान्याची गाडी यायच्या आधी झालं सगळं. मंगळवार होता तो, अकरावा दिवस.

डॉक्टर म्हणाले छातीत कफ झाला होता. माझ्या बोलण्यानं गेलं असं मी मानत नाही, एवढी मी खुळी नाही. पण बाळ वरून रडून बोलावत होतं आणि मी नाही म्हटलं, हे झालं ते झालं.

एवढ्या लहान जिवाला आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. बेडफर्ड गावातल्या दफनभूमीत टेकाडाच्या उतारावर लहान मुलांचा कोपरा आहे, तिथं जागा दिली. दगड बसवायची आमची ऐपत नव्हती. नवऱ्यानं भट्टीतून एक वीट आणली, साहेबाला विचारून. विटेच्या वरच्या बाजूला खळगा असतो, चुना बसायला. तो खळगा वर करून त्यानं वीट मातीत रोवली. पाऊस पडला की त्यात पाणी साठायचं आणि चिमण्या प्यायच्या. ते मला बरं वाटायचं.

दाखला काढायला नवरा गेला. जन्माचा आणि मरणाचा एकदमच. नावाच्या जागी नुसती आडवी रेघ होती. म्हणजे त्या दप्तरात तो आहे, रेघ म्हणून. मोजणीत तीही नाही.

दुसऱ्या आठवड्यात मी कामाला गेले. काय करणार, घरात बसून खणाकडं बघायचं? तीन वर्षांनी हा मुलगा झाला, ज्याच्याकडं मी आता असते. त्याला पहिल्या दिवशी नाव दिलं, दवाखान्यातच. बारसं केलं नाही. त्यानं कधी विचारलं नाही का, आणि मीही सांगितलं नाही.

नातीनं सगळं ऐकलं. टाइप करायची थांबली होती. मग म्हणाली, "आजी, व्हॉट वॉज हिज नेम?"

"ठेवलं नव्हतं."

"बट यू हॅड वन. इन युअर हेड."

होतं. अजून आहे. ते मी तिलाही सांगितलं नाही. नाव आत्या सांगते, कानात.

"आजी, मी नंबर बदलू शकत नाही," ती म्हणाली, रडवेली झाली होती. "टीचर सोर्स चेक करते."

मी म्हटलं, "बदलू नकोस बाळा. तुझे मार्क जातील." तिची काय चूक? कागदात जे नाही ते ती कुठून आणणार. मग तिला पोहायच्या क्लासला जायचं होतं, सून खालून हाका मारत होती.

संध्याकाळी जेवताना ती बापाला म्हणाली, "बाबा, यू हॅड अ ब्रदर."

मुलाच्या हातात घास होता. "आई, काय म्हणतेय ही?"

"खरं म्हणतेय."

"मला कधी बोलली नाहीस."

"काय बोलू? मोजलंच नव्हतं त्याला."

त्यानं घास खाली ठेवला. ताट उचललं, विसळलं, बेसमेंटमध्ये मीटिंगला गेला. सून माझ्या पानात भात वाढत राहिली, नको म्हटलं तरी.

सकाळी तो चहा घेऊन माझ्या खोलीत आला. असा कधी येत नाही, घाईत असतो. कॉटच्या कडेला बसला आणि विचारलं, "कुठं आहे ते?" मी सांगितलं. फाटकातून वर चढायचं, डावीकडं, कुंपणाला लागून, वीट आहे. त्यानं फोनवर वरून काढलेला फोटो उघडला. सगळं हिरवं दिसत होतं, वीट कुठली दिसायला. भट्टीची जागाही दाखवली. धुराडी एकही राहिली नाही, खड्ड्यांत पाणी भरून तळी झालीत, त्यांत लोक होड्या चालवतात.

"मी तिथं असेपर्यंत दर महिन्याला जायचे," मी म्हटलं.

त्याला आठवलं. "तू मला न्यायचीस. मी फाटकापाशी थांबायचो. तू म्हणायचीस, ओळखीच्या बाईला भेटून येते."

"हो."

"पुढच्या उन्हाळ्यात जाऊ," म्हणाला. पण माझ्या हृदयाचं तसं आहे, डॉक्टर विमानात बसू देत नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. त्याला रजा कधी मिळेल हे त्यालाच ठाऊक नाही. तो मनापासून म्हणाला, एवढं पुरे.

नातीचं प्रोजेक्ट झालं. शाळेत भिंतीवर लावलं होतं, मला घेऊन गेली दाखवायला. लेस होती, टोप्या होत्या, विटा होत्या. कोबीचं तिनं लिहिलं होतं, मला वाचून दाखवलं. खाली लोकसंख्या, तोच आकडा. मी त्याच्यासमोर जरा उभी राहिले, मग पाय दुखायला लागले म्हणून खुर्चीत बसले. शेजारी दुसऱ्या मुलांच्या आज्या होत्या, कुणी चिनी, कुणी गुजराती. एकीनं मला बिस्किट दिलं.

म्हणून हे बोलून ठेवलं. माझ्याच्यानं आता तिथं जाणं व्हायचं नाही. हे वाचणारं कुणी बेडफर्डमध्ये राहत असेल, किंवा त्या बाजूला जाणार असेल, तर दफनभूमीत लहान मुलांच्या कोपऱ्यात जा. डावीकडं कुंपणाजवळ जमिनीत एक वीट असेल, गवतात बुडाली असेल तर हातानं चाचपून बघा. खळग्यातला पालापाचोळा काढा आणि थोडं पाणी घाला. आणि परत येताना कुणी विचारलं ह्या जिल्ह्यात माणसं किती होती, तर पुस्तकातला आकडा सांगा आणि म्हणा, त्या वर्षी आणखी एक होता.