ब्रेंडाचा फियान्से

ब्रेंडा ऑक्लंड एका शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना मटार वाढायची, आणि डेरिकची फियान्से होती. दुसऱ्या कामाने ती जास्त दमायची. इंग्लंडातल्या ग्रिम्सबीत मासळीची व्हॅन चालवणाऱ्या डेरिकने तिला अंगठी घातली आणि तो तिच्याच घरी राहायला आला, तेव्हा तिचे केस काळेभोर होते. आता ती ते रंगवायची.

डेरिकला मात्र तो शब्द भारी आवडायचा. क्लबात नवं कुणी भेटलं की ग्लास खाली ठेवून म्हणायचा, "ही माझी फियान्से." जशी काही सरदाराची लेकच पटवलीय!

ब्रेंडाची थोरली बहीण ऑलिव्ह टोचायची, "फ्रेंच शब्द आहे बाई तो. वचन दिलेली, असा अर्थ होतो."

"वचन दिलं गं त्याने. आता काय त्याचं लोणचं घालू?"

मग ब्रेंडाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डेरिक भेटायला आला आणि तिच्यासाठी आणलेली द्राक्षं स्वतःच खात बसला. नर्सने विचारलं, "तुम्ही यांचे कोण?"

"फियान्से!"

"अरे वा! मग लग्न कधी?"

"बघू की. घाई काय आहे?"

ब्रेंडा उशीवरून उठून बसली. "घाई? माझा गुडघा बदलायची वेळ आली, तरी याला घाई नाही! आजपासून तो शब्द तोंडातून काढलास तर बघ. कुणी विचारलं तर भाडेकरू म्हणून सांग."

पलीकडच्या खाटेवरची म्हातारी खो खो हसत सुटली.

ब्रेंडाने बोललेलं खरं केलं. कुबड्या टेकत क्लबात गेली आणि सगळ्यांना सांगितलं, "हा डेरिक. आमचा भाडेकरू."

"काय डेरिक, भाडं वेळेवर देतोस ना?" दोस्तांनी लगेच सुरू केलं. डेरिक लालबुंद झाला, बिअर अर्धी टाकून तिच्याबरोबर घरी आला.

"तसं म्हणू नकोस गं. चार माणसांत तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीस."

"मग काय म्हणू?"

तो बुटांकडे बघत पुटपुटला, "नवरा म्हण."

"ते असं फुकट म्हणता येत नाही."

सोमवारी तो स्वतःच नोंदणी कार्यालयात जाऊन तारीख ठरवून आला. ब्रेंडाला आनंद व्हायच्या आधी संतापच आला. एवढं सोपं होतं, तर इतकी वर्षं हा माणूस करत काय होता?

लग्न लागलं. पायऱ्या उतरताना डेरिक खुशीत म्हणाला, "बघ, दहा मिनिटांत उरकलं की!"

ब्रेंडाने त्याच्याकडे असं पाहिलं, की ऑलिव्ह लगबगीने दोघांच्या मधे येऊन उभी राहिली. लग्नाचा फोटो तसाच निघाला.