ज्याच्या डोळ्यावर चष्मा, त्याच्या हातात हँडल

सोबत सायकल चालवणाऱ्या माणसांकडे किलोमीटर कमी जमतात आणि किस्से जास्त. किलोमीटर मोजायला मोबाइल तरी असतो. किस्से घामासारखे, कितीही पुसा, पुढच्या चौकात पुन्हा तयार! आमच्या नंदनवनच्या ग्रुपचे तर बहुतेक किस्से एकाच वस्तूवरून झालेत. सायकल चालवताना घालायचा चष्मा!

ग्रुप म्हणजे आम्ही चौघं. एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर भोयर काका, मिहानमध्ये विमानांच्या दुरुस्तीचं काम करणारा मंगेश, नर्स असलेली प्रज्ञा आणि बँकेत काउंटरवर बसणारी मी. आमच्या तिघांच्या सायकली गिअरच्या. काकांची काळी, उंच, मागे कॅरिअरवाली. त्या कॅरिअरला आम्ही आधी हसायचो. मग आमची जॅकेटं आणि संत्र्यांच्या पिशव्या त्याच्यावरच लादायला लागलो.

काकांचा एक नियम होता. कंडक्टरने दोरी ओढून दोनदा घंटी दिल्याशिवाय एसटी सुटत नाही, तशी आमची राइडसुद्धा सुटायची नाही. काका सगळ्यांत पुढे, पाय पेडलवर, नजर रस्त्यावर. मागून कोणीतरी 'टिंग टिंग' करायचं, मगच गाडी हलणार!

एकदा मी घाईत एकदाच घंटी वाजवली. काका जागचे हलेनात.

"काय झालं काका?"

"सिंगल दिली नं तू. म्हणजे थांबा. कोणाले उतरायचं हाये काय?"

*

दिवाळीनंतर काकांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काका रिटायर झाल्यावर त्यांचा दुसरा डोळा एका आजाराने गेल्यातच जमा झाला होता. म्हणजे भरवशाचा डोळा हा एकच. काही आठवड्यांनी डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा, फक्त डोळ्यात धूळ आणि किडे जाऊ देऊ नका.

डॉक्टरांनी परवानगी दिली. पण घरी शोभाकाकू होत्या!

काकू नरखेडकडच्या एका खेड्यातल्या. भावाची सायकल दामटत शाळेत गेलेल्या, संत्र्याच्या बागेतली माकडं एकटीने हाकललेल्या. आयुष्यात कोणाला भ्यायल्या नाहीत. आता मात्र त्या एका डोळ्यासाठी त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्यांनी सायकलला कुलूप घातलं आणि चावी पदराला बांधली.

"पक्का चश्मा भेटन तवाच सायकल," त्या म्हणाल्या. "ज्याच्या डोळ्यावर चश्मा, त्याच्या हातात हँडल! नाही तर ते धूड भंगारवाल्याले देतो मी."

दर रविवारी काका फाटकाशी उभे राहून आम्हाला जाताना बघायचे. आयुष्यभर रस्त्यावर गाडी चालवलेला माणूस, त्यांचा चेहरा बघवत नव्हता. शेवटी आम्ही तिघांनी ठरवलं, काकांसाठी चष्मा आपण शोधायचा. आधी आपण घालून बघायचा, मग त्यांना द्यायचा.

*

पहिला नंबर मंगेशचा. विमानवाला माणूस, साधं काही घेईल कसा? त्याने आरशासारखा चमकणारा काळाकुट्ट गॉगल मागवला. "काका घालतीन तं पायलट दिसतीन!" म्हणाला.

राइड पहाटेची. बाहेर अंधार, डोळ्यांवर काळी काच. मंगेशला एवढंच दिसत होतं की पुढे प्रज्ञाच्या सायकलचा लाल दिवा आहे. तो त्या दिव्यामागे निघाला. प्रज्ञा डावीकडे वळली, दिवा उजवीकडे. हा दिव्यासोबत! गल्ल्यांमागून गल्ल्या घेत दिवा एका घरासमोर थांबला. मंगेशनेही थांबून विचारलं, "प्रज्ञा, इथं काहून थांबली वं?"

समोरच्या माणसाने सायकल स्टँडवर लावली आणि कॅनचं झाकण उघडलं.

"दादा, कवाचे मागं येऊन राहिले तुम्ही. किती लिटर देऊ?"

*

मग प्रज्ञा म्हणाली, काळी काच दुपारसाठी, सकाळी पिवळी बरी. ती पिवळा चष्मा घेऊन आली. घातल्यावर खरंच झकास! ढगाळ दिवससुद्धा उन्हाचा वाटायचा. प्रज्ञा इतकी खूश की येताना रस्त्याकडेला संत्र्यांचा ठेला दिसला तर चष्मा न काढताच थांबली.

"काय रंग हाये! एकदम सोनं!" म्हणत तिने पिशवी भरून संत्री घेतली. संत्रीवालासुद्धा तिच्याकडे बघतच राहिला.

माहेरी जाऊन चष्मा काढला तर सगळी हिरवीगार! तिच्या आईने एक फोड तोंडात टाकली, एक डोळा मिटला, मग भरलेल्या पिशवीकडे बघितलं, मग लेकीकडे.

"प्रज्ञा, जावयाले सांगतलं काय वं?"

दुपारपर्यंत तिची मावशी बाळंतविड्याचं विचारायला येऊन गेली. खरं काय ते समजावता समजावता प्रज्ञाच्या तोंडाला फेस आला.

*

माझं तर विचारूच नका. मला नंबरचा चष्मा. त्याच्यावरून मोठा पारदर्शक चष्मा चढवला. धूळ नाही, वारा नाही, मी मोठ्या ऐटीत! थंडीचे दिवस होते. तर्री पोह्यांच्या ठेल्यावर थांबलो आणि तर्रीच्या पातेल्यावर मी जरा वाकले, तर आतबाहेर वाफ. दोन्ही काचा पांढऱ्या!

तरी कोणीतरी हातात चमचा दिला असं वाटलं. मी चाचपडत बाकावर बसले, पुढ्यातली प्लेट ओढली आणि खायला सुरुवात केली. चव फक्कड होती. मी म्हटलं, "मंगेश, तर्री अजून घाल."

एक अनोळखी, जाड आवाज आला. "घ्या नं ताई, लाजू नका. माहीच प्लेट हाये ते."

*

शेवटी काकांनाच दुकानात नेलं. चष्मेवाले गजूभाऊ ओळखीचे. त्यांनी लग्नाच्या वरातीत शोभतील असे गॉगल मांडले. काकांनी एक घातला आणि म्हणाले, "पहिले खड्ड्याची टेस्ट."

आणि दुकानाच्या मध्यभागी काका उड्या मारायला लागले! डोकं डावीकडे, डोकं उजवीकडे, मग करकचून ब्रेक लागल्यासारखे पुढे. गॉगल काउंटरपलीकडे.

"आता हवेची टेस्ट. मंगेश, फुंक."

मंगेश एका बाजूने फुंकतोय, प्रज्ञा दुसऱ्या बाजूने, काका डोळे मिचकावत "येऊन राहिली, हवा येऊन राहिली" म्हणतायत. नवीन आलेलं गिऱ्हाईक दारातूनच मागे फिरलं.

गजूभाऊंनी हात जोडले. "काकाजी, चश्मा पाहून राहिले का भूत उतरवून राहिले?"

पण त्यांनीच मग आतून एक चष्मा काढला. पारदर्शक काच, गालापर्यंत वळलेली, कडेने फोमची पट्टी, वाफ जायला बारीक भोकं आणि डोक्यामागून पट्टा. उड्यांत हलला नाही. फुंकरीला दाद दिली नाही. काकांच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी हसू आलं!

*

काकू मात्र ढिम्म. "तुम्ही सारे ह्यायच्याच बाजूचे. परीक्षा मी घेतो. कळमन्याच्या मिरची बाजारातून चक्कर मारायची. डोळ्यात पाणी आलं, चश्मा नापास."

ज्यांनी भर सीझनमध्ये तो मिरची बाजार पाहिला आहे, त्यांना वेगळं सांगायला नको. लाल मिरच्यांचे ढीगच्या ढीग, रस्त्यावरून नुसतं गेलं तरी ठसका!

मंगेश म्हणाला, मी जातो. काकू म्हणाल्या, "तू रडत आला तरी हासूनच सांगशीन." मग त्यांनी स्वतःच चष्मा चढवला, नाकातोंडावर पदर गुंडाळला आणि प्रज्ञाच्या स्कूटरवर मागे बसल्या. ढिगांजवळ पोहोचताच प्रज्ञा शिंकायला लागली. डोळ्यांना धारा. स्कूटर वेडीवाकडी. हमाल पोतं टाकून बघायला लागले. एकाने विचारलंच, "मावशी, विहिरीत पोहाले चालल्या काय?"

काकू शांतपणे उतरल्या. भाव केला, देठ मोडून पाहिले, वर्षभराच्या तिखटासाठी मिरच्या घेतल्या आणि निवांत परत आल्या. फाटकात काका जीव मुठीत धरून उभे होते. काकूंनी चष्मा वर केला. डोळे कोरडे ठणठणीत!

"पास," काकू म्हणाल्या.

काकांनी हात पुढे केला. काकूंनी त्या हातात मिरच्यांची पिशवी ठेवली आणि चष्मा घालूनच घरात गेल्या.

"अवं, चश्मा?"

"राहू द्या. मिरच्या खुडाच्या हायेत मले."

आठवडाभर चष्मा स्वयंपाकघरात होता. काकांचा फोन आला की आम्ही विषय बदलायचो.

*

आणि मग तो रविवार.

पहाटे आम्ही फाटकाशी पोचलो तर कुलूप निघालेलं. काळी सायकल बाहेर उभी. सीटवर शोभाकाकू! अंगात पंजाबी ड्रेस, पायात काकांचे बूट, डोळ्यांवर चष्मा. मागे कॅरिअरवर घडी घातलेली गोधडी सुतळीने बांधलेली.

काका पायरीवर उभे. "शोभा, हे काय वं?"

"नेम काय ठरला होता? ज्याच्या डोळ्यावर चश्मा, त्याच्या हातात हँडल."

"अन् मी?"

काकूंनी मानेनेच कॅरिअर दाखवलं. "डोळे मिटून बसा. धूळ जाऊ नाही द्याची."

जन्मात कोणाच्या मागे न बसलेला माणूस! काका थोडा वेळ घुटमळले. मग येऊन गोधडीवर बसले, एका हाताने सीट धरली आणि डोळे घट्ट मिटले.

काकूंचा पाय पेडलवर. नजर रस्त्यावर. पण सायकल हलेना.

"चला नं काकू!" मंगेश म्हणाला.

"अशी कशी चालू गा? डबल कुठं हाये?"

मंगेशने लगबगीने आपल्या घंटीवर अंगठा ठेवला.

"थांब," काका मागून म्हणाले. डोळे मिटलेलेच. मोकळा हात त्यांनी डोक्यावर उचलला, हवेतली दोरी पकडली आणि दोनदा ओढली.

"टिंग टिंग!"