कुणाच्या घरची बाबागाडी

मुलगी दोन महिन्यांची झाली आणि माझ्या कमरेने दगा दिला. तिला उचलून दापोडीच्या बोळांतून दवाखान्यापर्यंत जायचं, तर वाटेत दोनदा कुणाच्या तरी ओट्यावर टेकावं लागे. एकदा वर्कशॉपातून येताना यांनी मला तसं बसलेलं पाहिलं आणि म्हणाले, "बाबागाडी घेऊ." आमच्या चाळीत तोवर कुणी ती आणली नव्हती. शेजारची म्हातारी म्हणाली, "आता मडमीणबाई फिरायला जानार व्हय?"

नवी परवडणारी नव्हती, आणि मला नवी नकोच होती. आमच्याकडे बाळाला पहिलं अंगडं जुनं घालतात, तेही ज्या घरचं मूल धडधाकट वाढतंय त्याच घरचं. आधी मला एक मुलगा झाला होता. त्याला मी हट्टाने सगळं कोरं करकरीत घातलं. बाराव्या दिवशी, बारशाची तयारी झालेली असताना, तो सकाळीच गेला. मला कुणी बोललं नाही, पण मी स्वतःला बोलायची थांबले नाही. सासूबाईंनी एवढंच बजावलं, की त्याचा विषय काढायचा नाही. पुढे मूल झालं आणि कुणी विचारलं तर हे पहिलंच म्हणायचं.

खडकी बाजारात जुन्या सामानाच्या दुकानात एक गाडी छान होती. उंच चाकं, काळं छत, स्प्रिंगा अजून टणक. मी दुकानदाराला विचारलं, "ज्या घरची आहे, तिथलं मूल बरं आहे ना?" तो म्हणाला, "साहेबाच्या बंगल्यातली आहे बाई, साहेब गेला विलायतेला. पोराची खबर मी कुठून आणू?" मी पाठ फिरवली.

पुढच्या रविवारी कासारवाडीला गेलो. तिथल्या एका कारकुनाच्या घरी गाडी विकायची आहे असं यांना वर्कशॉपात कळलं होतं. वेताची, बसकी, दिसायला खडकीच्या गाडीपुढे काहीच नाही. घरातली बाई माझ्याच वयाची होती. मी तिलाही तेच विचारलं.

"चांगला आहे की," ती म्हणाली. "आजोळी गेलाय."

मग तिने माझ्या मुलीकडे पाहून विचारलं, "पहिलंच का?"

"हो," मी म्हणाले.

यांनी पैसे मोजून दिले. रिकामा पाळणा हलवत नाहीत, म्हणून रिकामी बाबागाडीही ढकलायची नाही असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. मुलगी माझ्या खांद्यावर झोपली होती. यांच्या हातातली भाजीची पिशवी मी गाडीत ठेवली. त्या बाईने एक जुनं दुपटं आणून त्या पिशवीभोवती चारी बाजूंनी नीट खोचलं. हे हसले, मीही हसले. ती हसली नाही, हे मला घरी आल्यावर आठवलं.

महिनाभर गाडी सुरेख चालली. मग मुलीला ताप आला. तिसऱ्या दिवशी दूधवाली दारात माप ओतताना थबकली. तिचा रतीब कासारवाडीलाही होता.

"ही गाडी त्या कारकुनाच्या घरची न्हाई का? त्यांचं पोर ऱ्हायलं न्हाई की. दिवाळीच्या आधीच गेलं."

ताप उतरेपर्यंतचे दोन दिवस मी मुलीला मांडीवरून खाली ठेवलं नाही. गाडी बाहेर व्हरांड्यात काढली. हे म्हणाले, "ताप सगळ्या चाळीतल्या पोरांना आहे. त्या गाडीतून आलाय का?" मी म्हणाले, "तुम्ही गप्प बसा." त्या बाईचा मला इतका राग आला होता, की ती समोर असती तर मी काय केलं असतं सांगता येत नाही.

मुलगी बाहेर नेण्याजोगी झाल्यावर मी गाडी परत करायला निघाले. कंबर अशी, की मुलीला त्याच गाडीत घालावं लागलं, आणि त्याचाही राग आला. मुंबई रस्त्याच्या कडेने जाताना ट्रक अंगावर धूळ उडवत होते आणि मी मनात वाक्यं जुळवत होते. सगळ्यांत झोंबेल ते पहिलं म्हणायचं ठरवलं होतं.

तिने दार उघडलं.

"आला का तुमचा बाळ आजोळहून?" मी विचारलं.

तिचा चेहरा मला आजही दिसतो. "नाही," ती म्हणाली.

ती पुढे काही बोलेल, रडेल, निदान माफी मागेल, अशी माझी अपेक्षा होती. ती गाडीपाशी वाकली. मुलीचा पाय दुपट्याबाहेर आला होता, तो तिने आत घेतला आणि दुपट्याची कड खोचली, पिशवीची खोचली होती अगदी तशीच. मुलगी तिच्याकडे बघून हसली. वाकलेलीच असताना ती म्हणाली, "उजवं चाक ओढतं गाडीचं. डावीकडे जरा जोर दिला की सरळ चालते. त्या दिवशी सांगायचं राहिलं."

मग उभी राहून म्हणाली, "पैसे आणते. थांबा." ती आत वळली.

मी दारात उभी होते. हिने खोटं सांगितलं होतं हे खरं. पण हिच्या खोट्यात हिचं मूल आजोळी तरी होतं, खात-पीत होतं, कधीतरी परत येणार होतं. याच दारात मी 'पहिलंच' म्हणाले, तेव्हा माझ्या मुलाला मी कुठेच ठेवलं नव्हतं. बारा दिवस मांडीवर होता तो. माझीच मला इतकी लाज वाटली, की राग कुठे गेला कळलं नाही.

"पैसे नकोत," मी म्हणाले. ती थांबली.

"ही माझी दुसरी," मी म्हणाले. "पहिला मुलगा होता."

मग तिने दाराची दुसरी फळीही उघडली, आणि आम्ही दोघींनी मिळून मुलीसकट गाडी उंबऱ्यावरून आत घेतली.